हमी, मोकळीक आणि न्याय्य भाव

राज्याने घातलेले निर्बंध, दिलेले संरक्षण आणि ठरवलेले भाव मागे घेणे हा साधारणपणे अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. पण त्याच्या मुळाशी धर्मविचाराचा आणि नीतीचा जुना प्रश्न आहे. माणसांच्या देवघेवीत सत्तेने हात घालावा का? घातलेला हात काढून घ्यायचा असेल तर तो केव्हा आणि कसा काढावा? काढल्यावर होणाऱ्या नुकसानाला कोण जबाबदार? सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस या पिकांवर उभ्या असलेल्या लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत हे प्रश्न दर हंगामात उभे राहतात. लातूरचा आडत बाजार तूर आणि सोयाबीनसाठी देशभर ओळखला जातो, आणि तिथल्या डाळमिलांचा माल दूरवर जातो. नांदेडचा मोंढा आणि पूर्वेकडचे तेलंगण सीमेलगतचे तालुके कापसाच्या उलाढालीत मुरलेले आहेत. त्यामुळे मागे घेण्याचे चांगले-वाईट दोन्ही परिणाम इथे जवळून पाहता येतात.

संरक्षणाची उभारणी

बाजार नियमनाची सुरुवात या भागाच्या शेजारी, वऱ्हाडात झाली. 1886 मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. निजामाच्या राज्यात 1930 मध्ये हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा आला. त्या वेळी नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. उघडा लिलाव, अधिकृत मापाडी, ठरलेली हमाली-तोलाई आणि परवानाधारक अडत्या ही चौकट त्यातून पक्की झाली. काट्यात मारलेले माप, मनमानी कडता आणि रुमालाखाली बोटांनी होणारा सौदा यांपासून शेतकऱ्याला वाचवणे हा या नियमांचा हेतू होता.

भावाचे संरक्षण त्यानंतर आले. 1965 मध्ये केंद्राने कृषी मूल्य आयोग नेमला आणि हमीभावाची पद्धत रुळली. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. पण त्या भावाने कुणीतरी खरेदी केलीच पाहिजे असे कायदेशीर बंधन नाही. याला मोठा अपवाद महाराष्ट्रातल्या कापसाचा होता. 1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तिच्यात कापूस सरकारलाच विकायचा असे आणि त्याला ठरलेला भाव मिळे. आयात शुल्क, साठ्यावरची मर्यादा, निर्यातबंदी आणि पीक विमा ही संरक्षणे वेळोवेळी याला जोडली गेली. त्यांतली काही शेतकऱ्यासाठी होती, तर काही शहरातल्या ग्राहकासाठी.

मागे घेण्याचे प्रसंग

कापूस एकाधिकार योजना तीस वर्षे चालली. शेवटी तोटा वाढत गेला आणि 2002 च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. या योजनेचे दोन चेहरे सीमेवरच्या नांदेड जिल्ह्यात स्पष्ट दिसले होते. बाहेरचा भाव पडला की सरकारी खरेदी आधार वाटे. पलीकडे भाव चढला की तोच आधार बेडी ठरे, कारण स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपार नेणे गुन्हा होता. शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आंदोलने केली. एकच नियम एका वर्षी रक्षक आणि दुसऱ्या वर्षी पहारेकरी ठरत होता.

2016 मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला. 2020 मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे करून बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यापार खुला केला आणि साठा मर्यादेचे कलम सैल केले. दीर्घ आंदोलनानंतर 19 नोव्हेंबर 2021 रोजी, गुरू नानक जयंतीच्या दिवशी, ते मागे घेण्याची घोषणा झाली. नियम काढणारा कायदाच इथे काढून घेतला गेला.

उलट दिशेचा एक प्रयत्न 2018 मध्ये झाला. हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षाची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, बाजार समित्यांतले लिलाव ठप्प झाले आणि तरतूद अमलात आली नाही. भाव ठरवता येतो, पण विकत घेण्याची इच्छा कायद्याने निर्माण करता येत नाही, हे त्यातून दिसले.

सोयाबीनचा अनुभव सर्वांत बोलका आहे. 2021 च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पाठोपाठ खाद्यतेलावरचे शुल्क कमी केले, आणि नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव कोसळला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत होता. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क वाढवून 20 टक्के केले गेले. मे 2025 च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, ते पुन्हा 10 टक्क्यांवर आणले गेले. त्याच सुमारास पुढच्या हंगामाचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झाला. एका हाताने भाव वर लिहिला गेला आणि दुसऱ्या हाताने तो टिकवणारी भिंत खाली आणली गेली.

तुरीची कथा तशीच आहे. 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली तेव्हा साठ्यांवर छापे पडले. त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी तूर वाढवली. 2017 मध्ये विक्रमी पीक आले आणि खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी रांगा लागल्या. 2006 पासूनची डाळींची निर्यातबंदी मात्र 2017 च्या उत्तरार्धातच उठली. मे 2021 पासून तुरीची आयात निर्बंधमुक्त झाली आणि त्या सवलतीला वारंवार मुदतवाढ मिळाली. जून 2023 मध्ये तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर पुन्हा मर्यादा आली.

सर्वांत ताजे उदाहरण पीक विम्याचे. 2023 मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया केला. बोगस अर्जांचे प्रकार उघड झाल्यावर 2025 च्या खरिपात ही सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला अन्नधान्य आणि तेलबियांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागला. त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान यांची भरपाई वगळून केवळ पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर विमा बेतला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टीने पिके वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्याने 31,628 कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. हक्काने मिळणाऱ्या भरपाईचा भाग कमी झाला आणि त्या जागी सरकारच्या मर्जीवरची मदत आली.

परंपरांचा विचार

भाव हा राजधर्माचा विषय आहे, असे भारतीय धर्मशास्त्र मानते. मनुस्मृती राजाला मालाची आवक-जावक, साठवण, लाभ आणि हानी पाहून ठरावीक दिवसांनी भाव ठरवण्यास सांगते. कौटिल्य देशी मालावर पाच आणि परदेशी मालावर दहा टक्के नफा मान्य करतो. प्रजेला जाचक होणारा मोठा लाभही राजाने टाळावा, असेही तो म्हणतो. याज्ञवल्क्यस्मृतीत हेच प्रमाण येते. व्यापाऱ्यांनी संगनमत करून कारागिरांना अडवले किंवा भाव मुद्दाम चढवला-उतरवला तर तिथे जबर दंड सांगितला आहे. भाव ठरवण्याचे तत्त्वही त्या स्मृतीत येते: मालाचा खर्च धरून, घेणारा आणि देणारा दोघांवरही अनुग्रह होईल असा भाव असावा.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याण येथे लिहिली. लातूरच्या दक्षिणेला बीदर जिल्ह्यात असलेले आजचे बसवकल्याण ते हेच. हमीभावाचे आजचे सूत्र, म्हणजे प्रत्यक्ष खर्च आणि कुटुंबाची मजुरी यांच्या दीडपट भाव, याच विचाराच्या ओळीत बसते. जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याज त्यात धरावे की नाही, हा आजचा वाद म्हणजे खर्च कशाला म्हणायचे याचाच वाद आहे.

त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह हे विचार मांडले. श्रम हीच पूजा आणि श्रमाचे फळ समाजाला अर्पण, असा त्यांचा आशय आहे. लातूर, उदगीर, निलंगा या भागांतल्या लिंगायत समाजात ही परंपरा जिवंत आहे. आयदक्की मारय्या एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून घरी आला, तेव्हा पत्नी लक्कम्माने तो परत टाकायला लावला, अशी बसवेश्वरांच्या अनुयायांची, म्हणजे शरणांची, कथा आहे. इथे संयम राज्याने लादलेला नाही, माणसाच्या आतून आलेला आहे. अशा समाजाला निर्बंधांची गरज कमी पडते. मात्र समाज तसा झाला आहे असे गृहीत धरून निर्बंध काढणे, हे लक्कम्माच्या भरवशावर गोदामाची कुलपे काढण्यासारखे आहे.

इस्लामी परंपरेत प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. महागाईच्या वेळी लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली तेव्हा पैगंबरांनी ती नाकारली आणि भाव ठरवणारा अल्लाह आहे असे सांगितले, अशी हदीस आहे. कुणाच्या मालावर अन्याय होऊ नये, ही त्यामागची भूमिका. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेल्या इब्न तैमिया यांनी यात भेद केला. टंचाई किंवा वाढती मागणी यांमुळे भाव चढला तर हस्तक्षेप नको; साठेबाजी किंवा संगनमताने चढला तर हस्तक्षेप कर्तव्य आहे. देवगिरीवर 1296 मध्ये चाल करणाऱ्या अलाउद्दीन खिलजीने पुढे दिल्लीत धान्यापासून कापडापर्यंतचे भाव कठोरपणे बांधले. 1316 मध्ये तो वारल्यावर मुबारक शाहाच्या काळात ते निर्बंध गळून पडले. केवळ धाकावर उभे राहिलेले नियमन धाक देणारा गेला की टिकत नाही, हा त्यातला बोध आहे.

नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा काळ गेला आणि तिथले तख्त सचखंड हुजूर साहिब शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक आहे. कष्टाने कमावणे, वाटून खाणे आणि नामस्मरण ही शीख आचाराची तीन सूत्रे. लंगरमध्ये अन्नाला किंमत नसते. पण ते ज्या धान्यातून शिजते त्याला कष्टाची किंमत मिळाली पाहिजे, हे पहिल्याच सूत्रात आहे. वाटणे कमावण्यानंतर येते. शेतकऱ्याचा भाव पाडून ग्राहकाला स्वस्त डाळ देणे हे या अर्थाने वाटून खाणे नव्हे, कारण त्यात वाटणारा एक आणि झीज सोसणारा दुसरा असतो.

वारकरी परंपरेतल्या दामाजीपंतांच्या कथेत दुष्काळात मंगळवेढ्याची धान्यकोठारे भुकेल्यांना खुली होतात आणि बीदरच्या बादशहाची रक्कम विठ्ठल स्वतः चुकती करतो. कथा भक्तीची आहे, तरी एक हिशेब तिच्यात स्पष्ट आहे: फुकट दिलेल्या धान्याची किंमत कुणाला तरी भरावी लागली. देव येऊन भरत नाही तिथे ती कुणाच्या माथी पडते, हा व्यवहारातला प्रश्न आहे.

मोकळिकीची बाजू

नियम काढावेत असे म्हणणाऱ्यांची नैतिक बाजू दुबळी नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मांडले की, शेतीचे दारिद्र्य निसर्गातून येत नाही, भाव पाडणाऱ्या धोरणातून येते. सरकार शेतकऱ्याला अनुदान देते असे दिसते. प्रत्यक्षात निर्यातबंदी, आयात आणि लेव्ही यांमधून त्याच्याकडून अधिक काढून घेते. म्हणून त्यांची मागणी दानाची नव्हती, घामाच्या दामाची होती, आणि तो मिळवण्यासाठी बाजार आणि तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना हवे होते. फ्रीडरिख हायेक या विचारवंताने 1945 मध्ये आणखी एक मुद्दा मांडला होता. लाखो लोकांकडे विखुरलेली माहिती भावातून एकत्र येते आणि कोणतेही कार्यालय ती गोळा करू शकत नाही. कापूस एकाधिकाराचा शेवट आणि 2018 चा फसलेला प्रयत्न या मताला बळ देतात.

संरक्षणाची बाजू

याच्या उत्तरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात मांडलेला विचार महत्त्वाचा आहे. राज्याच्या नियंत्रणापासून मुक्ती म्हणजे सर्वांची मुक्ती नव्हे. राज्य बाजूला झाले की दुबळ्यावर खासगी मालकाची हुकूमत येते. आडतीतला सौदा वरून दोन स्वतंत्र माणसांचा दिसतो. पण एकाच्या डोक्यावर बियाणे-खताची उधारी आणि पुढच्या पेरणीची घाई असते, आर्द्रतेमुळे माल घरात ठेवण्याची सोय नसते. दुसऱ्याकडे गोदाम असते, भांडवल असते आणि थांबण्याची ताकद असते. थांबता न येणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

कार्ल पोलान्यी या विचारवंताने 1944 मध्ये बदलाच्या वेगाकडे लक्ष वेधले. एखादा बदल अटळ असला तरी तो किती वेगाने व्हावा हे ठरवणे राज्याच्या हाती असते, आणि माणसांना सावरायला वेळ मिळतो की नाही हे त्या वेगावरच ठरते. शिवाय काही वस्तू बाजाराच्या हवाली करणे कुणालाच मान्य होत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आणले गेले, तेव्हा ज्याला परवडेल त्याने प्यावे असे कुणी म्हटले नाही.

दैव आणि निर्णय

पाऊस आणि भाव आपल्या हाती नाहीत, अशी समजूत ग्रामीण भागात रुजलेली आहे. तात्त्विकदृष्ट्या ही दोन कारणे एका रांगेत बसत नाहीत. अतिवृष्टीचा निर्णय कुणी घेत नाही. शुल्क कमी करण्याची अधिसूचना माणसे काढतात, तिच्यावर तारीख असते आणि सही असते. विम्यातून कोणती जोखीम वगळायची हेही माणसेच ठरवतात. निर्णयाला दैव म्हटले की निर्णय घेणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होते आणि सोसणाऱ्याचा जाब विचारण्याचा अधिकारही जातो. कर्मविचाराचा नेमका अर्थ इथे उलट आहे: कर्माचे फळ कर्त्याला चिकटते, आणि संरक्षण काढून घेणे हेही कर्मच आहे.

न्यायाच्या कसोट्या

या सगळ्या विचारातून तीन कसोट्या निघतात. पहिली समतेची. घेणारा आणि देणारा दोघांवर अनुग्रह, हे याज्ञवल्क्याचे तत्त्व इथे लागू पडते. भाव चढल्यावर आयात, साठा मर्यादा आणि शुल्ककपात, पण भाव पडल्यावर बाजाराचा नियम, अशी पद्धत या कसोटीवर नापास होते. तिला मुक्त बाजार म्हणता येत नाही आणि संरक्षणही म्हणता येत नाही. सोयाबीन आणि तूर यांच्या बाबतीत गेल्या दशकात घडले ते बहुतांशी हेच.

दुसरी कसोटी वेळेची. पेरणी हा शेतकऱ्याने राज्याच्या शब्दावर विसंबून केलेला खर्च आहे. बियाणे मातीत गेल्यावर किंवा पीक काढणीला आल्यावर नियम बदलणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. तोच बदल हंगामाआधी आणि काही वर्षांची मुदत देऊन केला तर तो धोरण ठरतो. ऑगस्ट 2021 मधील पेंडीची आयात या कसोटीवर चुकीची ठरते. विम्यातला बदल खरिपाआधी जाहीर झाला होता, त्यामुळे तो इथे उत्तीर्ण होतो.

तिसरी कसोटी पर्यायाची. संरक्षण काढताना त्याची जागा घेणारी व्यवस्था उभी आहे का? गोदाम आणि शेतमाल तारण योजना गावाजवळ असेल तर हमीभाव सैल झाला तरी शेतकरी थांबू शकतो. स्थानिक आपत्तीची भरपाई काढली आणि तिच्या जागी दुसरा हक्क ठेवला नाही, तर उरते ते केवळ अनुदानाची वाट पाहणे. विम्यातला बदल इथे अनुत्तीर्ण होतो. बोगस अर्ज हे तपासणी कडक करण्याचे कारण होते. खऱ्या नुकसानीची दारे बंद करण्याचे नव्हते. कापूस एकाधिकाराचा शेवट मात्र, उशिरा का होईना, बंदी आणि हमी दोन्ही एकत्र सैल करणारा असल्याने समतेच्या कसोटीवर अधिक प्रामाणिक ठरतो.

निर्बंध काढणे स्वतःहून पाप नाही आणि संरक्षण देणे स्वतःहून पुण्य नाही. दोन्ही बाजूंना सारखे लागू होणारे, पेरणीआधी सांगितलेले आणि मागे पर्याय ठेवून केलेले मागे घेणे न्याय्य आहे. यांपैकी एकही अट मोडली, तर त्याला सुधारणा कितीही म्हटले तरी ते दुबळ्याच्या खिशातून काढून सबळाच्या हाती देणेच ठरते.